पुन्हा मोजायला बडोद्याला

बडोद्याहून परतल्यावर लोकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. चिवडा आणलास का, आणि राजवाडा पाहिलास का. चिवडा आणला होता, राजवाडा राहिला. कशासाठी गेले होते ते सांगायला लागलं की समोरच्याचं लक्ष उडतं, आणि मग मीच बोलणं चिवड्याकडे वळवते. इथे कोणी मध्येच उठून जाणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते. माझं संशोधन एका निळ्या स्फटिकावर आहे. शिवणाच्या सुईएवढा लांब, आणि तेवढाच नाजूक. त्याच्या आत तांब्याचे अणू ओळीने बसलेले असतात आणि प्रत्येक अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक. शेजारच्याच्या उलट तोंड करायचं, एवढाच त्यांचा हट्ट. साधी चुंबकं थंड केली की काय ते एकदा ठरवून गप्प बसतात. ही बसत नाहीत. कितीही थंड करा, त्यांची चुळबुळ चालू राहते आणि ओळीतून पुढे सरकते. पंगतीत एकाचं कोपर हललं की धक्का टोकापर्यंत जातो, तसं. ही चुळबुळ आपल्याबरोबर उष्णताही नेते का, हा आमच्या विषयातला जुना वाद आहे. आठ वर्षांपूर्वी मी मोजून सांगितलं की नेते.

पुरावा म्हणजे एक रेषा होती. ज्या स्फटिकातून वीज वाहत नाही, त्यात उष्णता नेण्याचं काम अणूंची थरथर करते. थंडी वाढली की ती थरथर झपाट्याने मरते आणि उष्णतेचं वहन धाडकन खाली येतं. आमच्या मापनात ते धाडकन न येता सरळ रेषेत सावकाश उतरलं. असं उतरणं हा धातूंचा गुण, कारण धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. आमच्या स्फटिकात असं फिरणारं काही नाही. म्हणजे उष्णता नेणारी चुंबकांची चुळबुळच असणार, असं आम्ही लिहिलं आणि जगाने ते मानलं. माझं नाव झालं ते त्या रेषेवर. दोन विद्यार्थ्यांच्या पीएचड्या तिच्यावर उभ्या आहेत, आणि तिसरी, ऋतुजा, चार वर्षं घालून अर्ध्यावर आहे.

मग परदेशातल्या एका गटाने तसाच स्फटिक घेऊन तेच मोजलं. त्यांचं वहन धाडकन खाली आलं. त्यांनी मला नम्रपणे लिहिलं, मी जरा कमी नम्रपणे उत्तर दिलं. तुमचे स्फटिक चांगले नसतील, हे मी सभ्य शब्दांत कळवलं. नंतर दुसऱ्या गटालाही तेच मिळालं. तेव्हा मात्र मी लिहून दिलं की त्याच हातांनी वाढवलेला स्फटिक, त्याच यंत्रात, त्याच माणसाकडून तारा लावून पुन्हा मोजीन, आणि रेषा सरळ आली नाही तर आमचा दावा मागे घेईन. ते हात, ते यंत्र आणि तो माणूस, तिन्ही बडोद्यात आहेत.

अलकापुरी

अलकापुरीत उतरले सुधाताई कर्णिकांकडे. सुधाताई म्हणजे रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, वय ऐंशीच्या घरात. त्यांचे पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, पण ते सुधाताई स्वतःहून कधी सांगत नाहीत. माझे सगळे स्फटिक त्यांनी वाढवलेले. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली आहे. तिथे फळीवर काचेच्या पसरट बशा, त्यांत निळं पाणी, आणि वर टाचणीने भोकं पाडलेला कागद. पाणी त्या भोकांतून महिनोन्महिने उडत राहतं आणि तळाशी सुया वाढत जातात. बाकीचे लोक हेच काम तीन आठवड्यांत उरकतात. सुधाताईंना वर्ष लागतं. त्या घरात कोणी दार आपटत नाही. सून हेतल लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्या दिवशी हेच शिकवलं गेलं, असं ती हसत हसत मला सांगत होती.

पोचल्या पोचल्या माझी फजिती झाली. उद्या सकाळी प्रयोगशाळा किती वाजता उघडते, असं मी विचारलं. सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं.

"अहो, उद्या उत्तरायण ने," सुधाताई म्हणाल्या. "परवा वासी उत्तरायण. दोन दिवस इथे कोण मिळणार तुम्हाला? शांतीने बसा."

पुण्यात संक्रांत म्हणजे तिळगुळाची डबी आणि संध्याकाळचं हळदीकुंकू. कचेऱ्या चालू असतात. इथे सगळं गाव गच्चीवर जातं आणि दुसऱ्या दिवशीही खाली उतरत नाही, हे मला माहीत होतं. तिकीट काढताना आठवलं नाही इतकंच. वेळेच्या बाबतीत दुसऱ्यांना बोल लावणारी मी, त्यामुळे चिडायलाही कोणी उरलं नव्हतं.

मग दोन दिवस गच्चीवर काढले. कर्णिकांकडे दोन्ही पद्धती चालतात. सकाळी देवाला गुळपोळी, आणि दुपारी गच्चीवर उंधियू-जिलबी. उंधियूत सुरती पापडी आणि जांभळा कंद, तेल वर तरंगणारं. गुळपोळीवर मी घरच्यासारखं तूप मागितलं, हेतलने ते उंधियूवरही घातलं, आणि मी नको म्हणाले नाही. चारी बाजूंनी भोंगे लावलेले होते, कुठेतरी पतंग कापला की गल्लीभर आरडाओरडा व्हायचा. माझ्या शेजारच्या गच्चीवरचे गृहस्थ मला तीनदा फिरकी धरायला सांगून गेले. मी धरली, पण लक्ष नव्हतं. फोनवर ऋतुजाचा निरोप होता, कधी सुरू होणार. मी कळवलं, परवा.

दुसऱ्या दुपारी सुधाताईंनी मला कोठीत बोलावलं. ज्या बशीतून आठ वर्षांपूर्वी पहिले स्फटिक काढले, तीच त्यांनी अजून राखून ठेवली होती. चिमट्याने एकेक सुई उचलून, उजेडात फिरवून त्या बाजूला ठेवत होत्या. शेवटी एक त्यांनी माझ्यापुढे कागदावर ठेवली. काठ स्वच्छ, आरपार निळी.

"आणि उलटं निघालं तर?" त्यांनी विचारलं.

मागे घेईन, म्हटलं.

"मग चालेल," त्या म्हणाल्या आणि बशी पुन्हा झाकली. मला वाटलं होतं त्या धीर देतील. तसलं काही त्यांच्या स्वभावात नाही.

हरणीच्या बाजूला

प्रयोगशाळा हरणी भागात, विमानतळाच्या रस्त्याला, नव्या सोसायट्यांच्या मागे आहे. तिचं नाव देत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही. रस्त्यावर झाडांना, तारांना, खांबांना मांजाची जाळी लोंबत होती आणि रिक्षावाला एका हाताने ती बाजूला सारत चालवत होता.

तिथलं द्रवरूप हेलियमचं यंत्र सांभाळणारे प्रताप कदम. सगळे त्यांना कदमभाई म्हणतात, मीसुद्धा. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. आज घरात कोणी शिपाई नाही. कदमभाई तीस वर्षं थंडी तयार करतात आणि या मार्चअखेर निवृत्त होणार आहेत. ज्याला चष्म्याशिवाय वर्तमानपत्र दिसत नाही असा हा माणूस केसाहून बारीक सोन्याची तार भिंगाखाली स्फटिकाला लावतो. चार तारा लागतात. चार जागी चांदीच्या पेस्टचा ठिपका ठेवायचा आणि त्यात तारेचं टोक बसवायचं. एका तारेतून ऊब द्यायची, दोहोंवर तापमान मोजायचं, चौथीतून ती ऊब बाहेर काढायची.

मी बाहेर थांबते म्हटलं. कोणी मागे उभं राहिलं की हात बिचकतो, हा माझा अनुभव. कदमभाईंनी दुसऱ्या भिंगापुढे स्टूल ओढलं.

"नाही मॅडम. या वेळी तुम्ही इथून हलायचं नाही. मी हात लावीन, तुम्ही बघायचं."

मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण बसले. दोन तास ते काम चाललं. तिसरी तार बसवताना त्यांनी हात मागे घेतला, कपाळ पुसलं, थोडा वेळ थांबले आणि मगच ठिपका ठेवला. चारही ठिपके एकमेकांपासून दूर, मध्ये नुसता निळा स्फटिक. त्यांनी मला तो चारी बाजूंनी फिरवून दाखवला. छायाचित्रं घ्यायला लावली, तीही चारी बाजूंनी.

थंड करायला दीड दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही निम्म्यावर असताना, तारांवरचा मांजा वाऱ्याने सरकला आणि आख्ख्या भागाची वीज गेली. पाऊण तासाने आली, तोवर आमची बरीच थंडी निघून गेली होती. मी येरझाऱ्या घालत होते. कदमभाईंनी डब्यातून शेवउसळ काढली, मला अर्धी दिली, पावाबरोबर तिखट तर्री वेगळी, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ही उसळ आपलीच, गुजरातेत येऊन तिने शेव घेतली एवढंच, असं ते म्हणाले. आमच्याकडे मिसळीला जो झणका असतो तो हिला नाही, पण पोटभर होते.

मोजमाप सुरू झालं ते त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी नऊला. पडद्यावर एकेक ठिपका उमटत होता. पहिले पाच-सहा ठिपके कुठेही जाऊ शकतात, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. सातव्यानंतर रेषा वाकली. दहाव्याला तिने मान टाकली आणि धाडकन खाली गेली, त्या परदेशी गटाच्या रेषेसारखी, अगदी तशीच. मी थोडं गरम करून पुन्हा थंड केलं. तेच आलं. ऊब कमी केली, जास्त केली, दोन्ही तापमापक तपासले. तेच. त्या स्फटिकातून, त्या थंडीत, चुंबकांची चुळबुळ काहीही नेत नव्हती.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ लिहिते. भीती वाटली. विज्ञान पुढे गेलं वगैरे काही मनात आलं नाही. ऋतुजाची चार वर्षं डोळ्यांपुढे आली, आणि पुण्यातल्या आमच्या विभागातले चेहरे.

कदमभाई पडद्याकडे बघत नव्हते. ते हात धुऊन आले, रुमालाला पुसत उभे राहिले.

"चला," ते म्हणाले. "घरी जेवायला चला. एक बोलायचं आहे, ते इथे नको."

फतेगंज

कदमांचं घर फतेगंजात, लष्कराच्या वस्तीपासून जवळ, दुसऱ्या मजल्यावर. वनितावहिनी वाट बघत होत्या. त्यांनी वेढमी केली होती. तुरीच्या डाळीची, आपल्या पुरणपोळीची गुजराती बहीण. वांग्याची भाजी, आंबट-गोड वरण, भात. मला दोन घास गेले नाहीत. वहिनी आग्रह करत होत्या आणि कदमभाई त्यांना नजरेनेच राहू द्या म्हणत होते. ताटं उचलली, तेव्हा ते टेबलापाशी माझ्यासमोर बसले. घरात आल्यापासून त्यांनी मॅडम सोडून ताई म्हणायला सुरुवात केली होती.

"ताई, तुम्ही आठ वर्षांपूर्वी आलात ने, तेव्हा तिसरी तार लावताना स्फटिकाला तडा गेला. तुम्ही खाली फोनवर होता. तुम्ही आणलेल्यांतला एकच राहिलेला तो. दुसऱ्या दिवशी तुमचं परतीचं रिझर्व्हेशन, हेलियम भरलेलं. एवढ्या लांबून आलेलं माणूस आमच्याकडून खाली हाताने जाणार, ते मला काही फावेना, पटेना. आमच्यात तसं होत नाही. मी तडा भरला. चांदीची पेस्ट हातात होतीच. पातळ ओढली, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत."

चांदी हा धातू आहे. तिच्यातून उष्णता सरळ रेषेत उतरते. जे आम्ही आठ वर्षं चुंबकांचं म्हणून जगाला सांगत होतो, ते त्या पेस्टच्या रेघेचं होतं.

त्यांनी पुढे सांगितलं ते असं. चांदी उष्णता नेते हे त्यांना ठाऊक होतं, पण एवढीशी रेघ काय नेणार, असं वाटलं. आकडा आला तेव्हा मी सगळ्या प्रयोगशाळेत पेढे वाटले. त्यानंतर कसं सांगायचं? पुढे तो शोधनिबंध छापून आला, त्यात शेवटी आभारात त्यांचं नाव होतं, आणि संचालकांनी ते पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं. रोज कामावर येताना ते पान दिसायचं. तो स्फटिक तर नंतर दुसऱ्या एका मापनात माझ्याच हातून फुटला आणि टाकून दिला गेला. मग बोलायला पुरावाही उरला नाही. मी पुन्हा मोजायला येते आहे हे कळलं तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. निवृत्त व्हायच्या आधी होतंय, असं ते वहिनींना म्हणाले होते.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, हे चेहऱ्यावरून कळत होतं.

मला राग आला. यायला हवा होता आणि आला. पाहुणचारापायी माझी आठ वर्षं, दोन पोरांच्या पदव्या, तिसरीचं आयुष्य. मी उठून खिडकीशी गेले. खाली कोणीतरी झाडातून फाटका पतंग काढत होतं. मला ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं, कारण कदमभाईंना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. मी परत येऊन बसले.

"कदमभाई, ती रेघ मी पाहिली होती."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं. फोन करून वर आल्यावर मी भिंगातून पाहिलं, तेव्हा स्फटिकाच्या एका अंगाला काहीतरी चमकलं होतं. केसाएवढं. पेस्ट जरा पसरली असेल असं मी मनाशी म्हटलं आणि भिंग सरकवलं. नंतर निबंधासाठी छायाचित्र काढायची वेळ आली, तेव्हा मी स्फटिक दुसऱ्या अंगावर वळवून ठेवला. चांगलं दिसावं म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. परदेशातून पहिलं पत्र आलं त्या दिवशी मला प्रथम आठवलं ते हे वळवणं. तरी मी त्यांना लिहिलं की तुमचे स्फटिक वाईट असतील.

कदमभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग मला विचारलं का नाही, ताई?"

"तुम्ही खरं सांगितलं असतंत."

वहिनींनी चहा आणून ठेवला. कोणी घेतला नाही. मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तिथेच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला बसले. इंग्रजीत लिहीत होते आणि एकेक वाक्य कदमभाईंना मराठीत सांगत होते. आमचा दावा चुकीचा होता. स्फटिकाला तडा होता, तो चांदीच्या पेस्टने भरलेला होता, आणि मोजली गेली ती त्या चांदीने नेलेली उष्णता. नव्या, अखंड स्फटिकात तसं काही दिसत नाही. ज्यांनी आमच्याआधी हे बरोबर मोजलं त्यांची आम्ही माफी मागतो.

कदमभाईंनी मला थांबवलं. तडा कोणी भरला ते यात आलेलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, त्याची गरज नाही, प्रयोगाची जबाबदारी माझी असते. तुम्ही दोन महिन्यांत निवृत्त होताय.

"आभारात माझं नाव आहे ने? मग इथे का नको?" ते म्हणाले. "काम मी केलंय. घाला."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनीही मान हलवली. मी नाव घातलं. त्याच्या खाली माझं वाक्य लिहिलं, की ती रेघ मी स्वतः पाहिली होती, तिच्याबद्दल विचारलं नाही, आणि छायाचित्रात ती येणार नाही असं पाहिलं. तेवढं मराठीत मी भराभर वाचून टाकलं. कदमभाई म्हणाले, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मग पत्र पाठवलं, आणि त्याची प्रत माझ्या तिन्ही विद्यार्थ्यांना पाठवली, कारण त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

जे दोघं पदव्या घेऊन गेलेत त्यांची उत्तरं मागाहून आली. ऋतुजाचा फोन दहा मिनिटांत आला. रेषा कशी आली, आता प्रबंधाचं काय, पुन्हा पहिल्यापासून करायचं का, हे सगळं ती विचारील म्हणून मी तयारी करून बसले होते. तिच्यासाठी काय काय करता येईल ते मी एका कागदावर लिहूनही ठेवलं होतं.

तिने त्यातलं काही विचारलं नाही.

"मॅडम, तुम्ही पाहिली होती?"

"हो," मी म्हणाले.

मी फोन कानाशी धरून बसून राहिले. तिने ठेवला तरच ठेवायचा, असं ठरवलं होतं.